रानातली घुबडं मोजताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

थंडी पडली की घुबडं बोलू लागतात आणि आमच्याकडे त्यांच्याविषयीची पत्रंही वाढतात. रात्रीच्या जंगलात घुबडांची पद्धतशीर नोंद कशी करायची, हे विचारणाऱ्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सर्वेक्षण नेमकं कोणत्या महिन्यांत करावं? मे महिन्याच्या सुट्टीत केलं तर चालेल का?

सुट्टी आपली असते, घुबडांची नसते. जोडी जमवताना आणि हद्द पक्की करताना, म्हणजे अंडी घालण्याच्या आधीच्या दिवसांत घुबडं सर्वांत जास्त बोलतात. आपल्याकडच्या बहुतेक घुबडांची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा गणतीचा हंगाम. एकदा मादी ढोलीत अंड्यांवर बसली की ती गप्प होते, नर शिकारीच्या मागे लागतो आणि हद्दीच्या हाका कमी होतात. मे महिन्यात गेलात तर भूक लागलेल्या पिल्लांची फिसफिस ऐकू येईल. वीण झाली की नाही, हे त्यावरून कळेल. किती जोड्या आहेत, हे कळणार नाही. पावसाळा तर सोडूनच द्या. पानांवरून टपकणारं पाणी, बेडूक आणि रातकिडे मिळून सगळे सूर बुडवतात, आणि पिसं भिजलेलं घुबड फारसं बोलतही नाही.

हंगाम जातीनुसार आणि देशानुसार बदलतो. युरोपातलं टॉनी घुबड शरद ऋतूत सर्वांत जास्त घुमतं, कारण तेव्हा नवी पिल्लं स्वतःची जागा शोधत असतात. अमेरिकेच्या वायव्य किनारपट्टीवरच्या जुन्या सूचिपर्णी जंगलांत ठिपकेदार घुबडाची पाहणी मार्चच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत चालते. तेव्हा परदेशी पुस्तिकेतली पद्धत घ्या, तारखा घेऊ नका.

वेळेचं म्हणाल तर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करून तीन तास, आणि पहाटे फटफटायच्या आधीचे दोन तास. मध्यरात्रीच्या सुमारास बहुतेक जाती थंडावतात. सागाच्या जंगलात जानेवारीनंतर पानं गळली की आवाज मोकळा येतो, पण तोच पाला पायाखाली पापडासारखा मोडतो. थांब्यावर पोचल्यावर उभं राहायची जागा आधी पायाने साफ करून घ्या.

प्रश्न : दोन थांब्यांत किती अंतर ठेवावं आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबावं?

ज्या घुबडाची हाक लांब जाते त्याच्यासाठी थांबे दूर, लहान जातींसाठी जवळ. शिंगळा घुबड किंवा पिंगळ्यांसारख्या जाती मोजायच्या असतील तर ५०० मीटर पुरतात. शृंगी घुबड, वनघुबड यांच्यासाठी एक किलोमीटरपेक्षा कमी ठेवू नका. उत्तर अमेरिकेच्या २००१ सालच्या मार्गदर्शक पद्धतीत हे अंतर १.६ किलोमीटर धरलं आहे. सगळ्याच जाती एकत्र मोजायच्या असतील तर मोठ्या जातीचं अंतर पाळा. लहान जाती थोड्या निसटतील, पण एकच शृंगी घुबड तीन थांब्यांवर तीनदा मोजलं जाणार नाही.

थांब्यावर दहा मिनिटं, पुढच्या थांब्यापर्यंत पंधरा मिनिटं असा हिशेब धरला तर आठ थांब्यांना तीन तास पाच मिनिटं लागतात. एका रात्री याहून जास्त करायला गेलात तर शेवटच्या थांब्यांवर कान काम करत नाहीत. पुढच्या फेरीला उलट्या टोकाकडून सुरुवात करा, नाहीतर एका टोकाच्या थांब्यांना दर वेळी संध्याकाळ मिळते आणि दुसऱ्या टोकाला दर वेळी मध्यरात्र.

गाडीने जात असाल तर इंजिन बंद केल्यावर लगेच घड्याळ सुरू करू नका. तापलेलं इंजिन थंड होताना काही मिनिटं टिकटिक करत राहतं, आणि लांबून येणारा शिंगळ्याचा सूर त्यात सहज हरवतो. गाडीपासून वीस-पंचवीस पावलं दूर जा, एक मिनिट सगळं शांत होऊ द्या, मग मोजायला लागा. दार आपटू नका. सळसळणारं नायलॉनचं जाकीट गाडीतच राहू द्या, लोकरीचा स्वेटर बरा. थांबे दिवसाच ठरवा आणि वाहत्या नाल्यापासून निदान शंभर मीटर बाजूला घ्या. दिवसा मंजूळ वाटणारा नाला रात्री सगळी जंगलं गिळतो.

प्रश्न : ब्लूटूथ स्पीकरवर घुबडाची हाक वाजवली की घुबडं उत्तर देतात असं वाचलं. किती वेळा वाजवावी? मोबाईलवरून वाजवली तर?

देतात, आणि म्हणूनच हे साधन जपून वापरायचं. घुबडाच्या लेखी ती हाक म्हणजे हद्दीत घुसलेला परका. ते शिकार सोडून येतं, मादी कधी कधी अंड्यांवरून उठते, आणि उघड्यावर आलेलं लहान घुबड मोठ्याच्या तोंडी जाऊ शकतं. त्यामुळे प्लेबॅक फक्त ठरलेल्या सर्वेक्षणात, परवानगी असेल तिथे, आणि एका थांब्यावर एका हंगामात मोजक्याच वेळा. पाहुण्यांना घुबड दाखवायला किंवा फोटोसाठी अजिबात नाही.

दहा मिनिटांची मांडणी अशी करा. पहिली तीन मिनिटं पूर्ण शांतता. यात जे ऐकू येईल ते वेगळं लिहा, कारण न बोलावता बोललेलं घुबड ही सर्वांत स्वच्छ नोंद. मग पहिल्या जातीची हाक ३० सेकंद आणि त्यानंतर एक मिनिट ऐकणं. असं जास्तीत जास्त तीन जातींसाठी करा. ही झाली साडेचार मिनिटं. उरलेली अडीच मिनिटं पुन्हा शांतता. प्रत्येक जातीच्या वेळी स्पीकरचं तोंड एक तृतीयांश वळवा, म्हणजे तिन्ही दिशा होतात.

क्रम नेहमी लहानाकडून मोठ्याकडे. शृंगी घुबड लहान घुबडांना खातं. त्याचा आवाज आधी घुमला तर शिंगळा त्या रात्री तोंड उघडणार नाही, आणि तुम्ही वहीत ‘शिंगळा नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. उत्तर मिळालं की त्या जातीची हाक तिथेच थांबवा. आणखी ऐकायचा मोह होतो, पण नोंद झालेली असते.

मोबाईलच्या स्पीकरमधून काम होत नाही. शृंगी घुबडाची हाक ३०० ते ४०० हर्ट्‌झच्या आसपास असते. मोबाईलच्या स्पीकरमधल्या इवल्याशा पडद्याला इतका खालचा सूर नीट काढताच येत नाही, त्यामुळे बाहेर पडतं ते खोकल्यासारखं काहीतरी. स्पीकर असा घ्या की एक मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज न फाटता यावा. सहकाऱ्याला दोनशे मीटरवर उभं करून आधी तपासा. हाक स्पष्ट यावी, पण पुढच्या थांब्यापर्यंत पोचू नये. पोचली तर तिथलं घुबड तुम्ही जायच्या आधीच सावध होऊन बसेल.

ब्लूटूथची एक खोडी आहे. बरेच स्पीकर काही मिनिटं आवाज नसला की आपोआप बंद होतात, आणि पुन्हा चालू केले की ‘टुडूंऽऽ’ असं मोठ्याने वाजवतात. शांततेच्या मिनिटांत हे झालं तर तो थांबा वाया गेला समजा. यावर सोपा उपाय म्हणजे दहा मिनिटांची एकच फाईल बनवणं : तीन मिनिटं शांतता, हाक, शांतता, हाक अशी सगळी त्यातच. स्पीकर तारेने जोडा. मोबाईल विमान मोडवर टाका, म्हणजे कुणाचा फोन घुबडाच्या आवाजात मिसळणार नाही. हाकांची ध्वनिमुद्रणं शक्यतो त्याच भागातल्या पक्ष्यांची घ्या, आणि एकाच पक्ष्याचं एकच मुद्रण हंगामभर वापरू नका. नाहीतर तुम्ही घुबडांचा प्रतिसाद मोजता की त्या एका मुद्रणाचा, हे सांगता येणार नाही.

निघण्यापूर्वी एकदा वर बघा. काही घुबडं आवाज न करता येऊन डोक्यावरच्या फांदीवर बसतात. बोलली नाहीत तरी ती नोंद आहे. फक्त ‘पाहिलं’ असं लिहा.

प्रश्न : हाक ऐकू येते, पण घुबड किती लांब आहे याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा निघतो. काय करावं?

निघणारच. घुबडाने मान दुसरीकडे वळवली की तेच घुबड दुप्पट लांब वाटतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो; झाडी असेल तर आणखी. थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, तेव्हा आवाज खाली वाकून फार दूरवर येतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येणारा सूर वरच्या वर निघून जातो. मध्ये डोंगराची सोंड असेल तर विचारूच नका. म्हणून ‘३४० मीटर’ असले आकडे लिहू नका. टप्पे ठरवा : ५० मीटरच्या आत, ५० ते १००, १०० ते २००, २०० ते ४००, आणि त्याहून लांब. हंगामाआधी एका माणसाला स्पीकर देऊन जंगलात वेगवेगळ्या अंतरावर पाठवा आणि बाकीच्यांनी अंदाज लिहा. दोन संध्याकाळीत प्रत्येकाला आपली खोड कळते. कुणी नेहमी जवळचं सांगतो, कुणी लांबचं.

अंतरापेक्षा दिशा जास्त भरवशाची. हाक येताच तिकडे तोंड करा, कंपासवर अंश वाचा, वेळ मिनिटासह लिहा. मग दुसऱ्या जागेवरून पुन्हा अंश घ्या आणि नकाशावर दोन्ही रेघा ओढा. रेघा एकमेकींना ६० ते १२० अंशांत छेदाव्यात. ३० अंशांपेक्षा कमी कोन असला तर छेदबिंदू लांबलचक होतो आणि घुबड टेकडीच्या अलीकडे की पलीकडे, हेही ठरत नाही. तिसरी रेघ मिळाली तर उत्तम. तिन्हींचा जो छोटा त्रिकोण होतो, त्यावरून चूक किती आहे ते दिसतं. पाच अंशांची चूक ५०० मीटरवर सुमारे ४४ मीटरची होते, हे ध्यानात ठेवा. दोन माणसं दोन ठिकाणी घड्याळं जुळवून उभी राहिली तर एकाच हाकेला दोन अंश मिळतात. एकट्याने धावत जाऊन घेतलेला दुसरा अंश हा कधी कधी सरकलेल्या घुबडाचा असतो.

आणि कंपास स्पीकरपासून दूर धरा! स्पीकरमध्ये चांगलं जाडजूड लोहचुंबक असतं. कंपास एका हातात आणि स्पीकर दुसऱ्या हातात अशी नोंद घेतली तर सगळी घुबडं एकाच बाजूला सरकलेली दिसतात. चार-पाच पावलं मागे व्हा. गाडीच्या बॉनेटवर ठेवून वाचलेला अंशही तितकाच निरुपयोगी.

मोजणीचा नियम कंजूष ठेवा. दोन घुबडं एकाच वेळी बोलली तरच दोन. एकाच दिशेने दहा मिनिटांच्या अंतराने आलेल्या हाका म्हणजे एक. बहुतेक घुबडांत मादी आकाराने मोठी, पण नराचा आवाज खालचा. म्हणून एक जाड आणि एक बारीक सूर एकमेकांना उत्तर देत असतील तर ती जोडी. प्लेबॅकनंतर घुबड तुमच्या मागोमाग पुढच्या थांब्यापर्यंत येऊ शकतं. तीच जात, मागच्याच दिशेने, लगेच ऐकू आली तर शेजारी ‘बहुधा तेच’ असा शेरा मारा आणि एकूण संख्येत धरू नका.

प्रश्न : नवख्या माणसाने कोणत्या आवाजांपासून सावध राहावं?

सगळ्यात आधी भारद्वाज. पहाटेचं त्याचं ‘कूप-कूप-कूप’ इतकं खोल असतं की पहिल्या हंगामात प्रत्येकाच्या वहीत एखादं भारद्वाज-घुबड सापडतंच. मग रातवे. उंचावरून सोडलेला चेंडू टप्पे घेत घेत थांबावा तसा ‘चक-चक-चक-र्रर्र’ आवाज साध्या रातव्याचा, घुबडाचा नव्हे. रातवा वाटेवर बसतो आणि टॉर्चच्या उजेडात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल चमकतो. पावशा चांदण्या रात्री ‘पेरते व्हा’ करत राहतो. भेकर भुंकतं, सांबर ‘ढाँक’ करतं. तेव्हा घुबड विसरा आणि ते कशाला बिचकलं असेल याचा विचार करा.

घुबडांत शृंगी घुबडाचं ‘बू-बोऽऽ’ दोन सुरांचं, दुसरा सूर ओढलेला. ठिपकेदार वनघुबडाची थरथरती भेसूर हाक एकदा ऐकली की विसरत नाही. शिंगळा मध्येच कुणी ‘व्हट?’ विचारावं तसा एकच सूर काढतो, थांबतो, पुन्हा काढतो. गव्हाणी घुबड कापड टरकावल्यासारखं ओरडतं. ओळख पटली नाही तर ‘घुबड, जात अनिश्चित’ असं लिहायला लाजू नका.

प्रश्न : आम्ही सहा थांब्यांवर तीन रात्री गेलो. काहीच ऐकू आलं नाही. त्या पानांचं काय करायचं? फाडून टाकली तर हरकत आहे का?

फार मोठी हरकत आहे. ऐकू न येणं ही नोंदच आहे, पण एका अटीवर : त्या रात्री ऐकू येण्यासारखी परिस्थिती होती का, हे त्याच पानावर लिहिलेलं हवं.

हिशेब करून बघा. समजा, घुबड तिथे आहे आणि एका फेरीत ते ऐकू येण्याची शक्यता ४० टक्के आहे. म्हणजे एका फेरीत निसटण्याची शक्यता ०.६. तीन फेऱ्या केल्या तर ०.६ × ०.६ × ०.६ = ०.२१६. तीन रात्री कान देऊनही पाचातलं एक घुबड तुम्हाला सापडत नाही. पाच फेऱ्या केल्या तर निसटण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या खाली येते, सहा केल्या तर पाच टक्क्यांच्या खाली. म्हणून गंभीर कामात तीन ते सहा फेऱ्या करतात, आणि ‘आढळ’ (म्हणजे किती जागांवर ती जात आहे) काढण्याची २००२ साली मांडली गेलेली जी संख्याशास्त्रीय पद्धत आज सगळीकडे वापरतात, ती याच रिकाम्या फेऱ्यांवर उभी आहे. रिकामी पानं फाडली तर उरलेल्या पानांवरून जंगलात घुबडंच घुबडं आहेत असं दिसेल.

प्रत्येक थांब्याच्या ओळीत निदान एवढं हवं : तारीख, सुरू केल्याची वेळ, वारा, ढग (आकाशाच्या आठ भागांपैकी किती), तापमान, चंद्र, गोंगाट, प्लेबॅक केला की नाही, ऐकणारे कोण. वारा बोफर्ट मापाने लिहा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर तो ३, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. याच्या वर गेला की परत फिरा. चंद्राची नुसती तिथी लिहून भागत नाही. त्या वेळी तो क्षितिजाच्या वर होता का, हे महत्त्वाचं. वद्य सप्तमीला संध्याकाळी आठ वाजता अंधारच असतो. गोंगाटाला ० ते ३ असे गुण द्या. ० म्हणजे शांत, १ म्हणजे आवाज आहे पण अडथळा नाही, २ म्हणजे लांबची हाक निसटू शकते, ३ म्हणजे हा थांबा बाद. आणि हाक पहिल्यांदा कितव्या मिनिटाला आली, ते लिहा. शांततेत आली की प्लेबॅकनंतर, हे त्यावरूनच कळतं.

प्रश्न : रानपिंगळा शोधण्यासाठी रात्री कोणत्या वेळी जावं?

रात्री जाऊच नका. रानपिंगळा मुख्यतः दिवसा वावरतो. सकाळी ऊन अंगावर येण्याच्या वेळेपासून दहापर्यंत आणि मग दुपार उतरल्यावर शोधावा. डोक्यावर ठिपके नसल्यासारखे, पाठ साधी तपकिरी, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरं, चोच आणि पाय दांडगे. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. दोघांच्या विष्ठा आणि ढोल्यांवरून जात ठरवण्याचा प्रयत्न करू नका.

या पक्ष्याची गोष्ट वरच्या प्रश्नाशी जोडलेली आहे : शोधून न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. त्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ सालचं. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नव्हता. संग्रहालयात १९१४ सालची चिठ्ठी लावलेला एक नमुना मात्र होता, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागन यांच्या नावाचा, तापीकाठचा. नंतर शोध घेणाऱ्यांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि चुकीच्या जागी पायपीट केली. तपासात निघालं की तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात गोळा केलेला होता. चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी डकवलेला. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मुलखात शोध घेतला आणि १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. आज तो मेळघाट, तोरणमाळ, तानसा अशा ठिकाणांहून माहीत आहे.

प्रश्न : झाडाला लावायचे स्वयंचलित रेकॉर्डर घेतले आहेत. एका हंगामात अर्धी मुद्रणं निकामी निघाली. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा चार ठिकाणी : घड्याळ, कार्ड, जागा आणि पिशवी.

घड्याळ आधी. ऑडिओमॉथसारखी यंत्रं मुळात जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपण त्यापुढे साडेपाच तास. संध्याकाळी सहा म्हणून १८.०० टाकलं आणि वेळेचा पर्याय बदलला नाही, तर यंत्र रात्री साडेअकराला जागं होतं. घुबडांचा सगळा बोलका काळ गेला. शिवाय बॅटऱ्या काढून ठेवल्या की त्याचं घड्याळ पुसलं जातं, त्यामुळे बदलल्यावर वेळ पुन्हा भरा. लावताना आणि काढताना यंत्रासमोर मोठ्याने बोला : ‘थांबा सात, तारीख अमुक, आता सहा वाजून दहा मिनिटं’, आणि एक टाळी वाजवा. पुढे फायली एकमेकींत मिसळल्या तरी हा आवाज वाचवतो, आणि घड्याळ किती सरकलं तेही कळतं.

कार्डाचा हिशेब. सेकंदाला १६,००० नमुने घेतले तर ८,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज पकडले जातात आणि घुबडांच्या हाकांना ते भरपूर आहे. १६ बिट, एक वाहिनी धरली तर तासाला ११५ एमबी लागतात. बारा तासांच्या एका रात्रीला जवळपास १.४ जीबी, तीस रात्रींना ४२ जीबीच्या आत. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पुरतं. यंत्रासोबत आलेल्या मोठ्या आकड्यावर नमुने तसेच ठेवले की कार्ड महिना संपण्याआधीच भरतं आणि उरलेले दिवस यंत्र नुसतं झाडाला लटकून राहतं. बॅटऱ्या तिन्ही नव्या, एकाच प्रकारच्या. एक जरी जुनी असली तरी ती बाकीच्या दोघींना खाली ओढते.

जागा. यंत्र दीड-दोन मीटर उंचीवर, मनगटापेक्षा थोड्या जाड खोडाला लावा. मोठ्या बुंध्याला लावलं तर मागच्या बाजूचे सगळे आवाज बुंधाच अडवतो. शेजारची एखादी डहाळी वाऱ्याने डब्यावर घासत असेल तर महिनाभर तेच रेकॉर्ड होईल; ती बांधून टाका. माकडांच्या ये-जा करण्याच्या झाडावर लावू नका. मुंग्या मायक्रोफोनच्या भोकात घर करतात, म्हणून दोन आठवड्यांनी एकदा बघून या. आणि पिशवी : दव पडू नये म्हणून पातळ प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधली की ती वाऱ्यात कुरकुरते. घट्ट बसणारा डबा घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका.

यंत्रांचा मोठा फायदा असा की प्लेबॅक लागत नाही. अमेरिकेतल्या ठिपकेदार घुबडाच्या अभ्यासात हेच झालं. पूर्वेकडून पसरलेलं पट्टेदार घुबड आकाराने मोठं आणि भांडखोर. ते आसपास असलं की ठिपकेदार घुबड गप्प बसतं, आणि हाक वाजवून त्याला बोलतं करणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं. म्हणून तिथली पाहणी आता मोठ्या प्रमाणावर रेकॉर्डरकडे वळली आहे.

प्रश्न : सॉफ्टवेअरने एका मुद्रणात ‘०.८५’ गुण देऊन मत्स्य घुबड दाखवलं. खरं मानावं का?

ऐकल्याशिवाय नाही. ०.८५ म्हणजे ८५ टक्के खात्री नव्हे. तो त्या प्रणालीचा स्वतःचा गुण आहे आणि प्रत्येक जातीला त्याचा अर्थ वेगळा. लांबचा कुत्रा, होला, बेडूक, मायक्रोफोनवरची झुळूक या सगळ्यांना ती घुबड ठरवू शकते. प्रत्येक जातीचे कमी-जास्त गुणांचे मिळून पन्नासेक तुकडे कानाने तपासा, कोणत्या गुणापासून वर बहुतेक खरे निघतात ते पाहा आणि तीच रेघ धरा. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, ० ते २,००० हर्ट्‌झ एवढाच ताणून बघा. घुमणारी हाक आडव्या जाड रेघांसारखी दिसते, कुत्र्याचं भुंकणं उभ्या पट्ट्यांच्या थरांसारखं. आढळ सिद्ध करायला एका रात्रीचा एक तपासलेला तुकडा पुरतो. हजार तुकडे ऐकत बसू नका.

प्रश्न : सुरक्षिततेचं काय? आणि लाल टॉर्च सक्तीचा आहे का?

किमान दोघं. वाट दिवसा चाललेली. परतायची वेळ मागे कुणाकडे तरी लिहून दिलेली, आणि त्या वेळेनंतर किती मिनिटांनी शोध सुरू करायचा तेही ठरलेलं. गाडी परतीच्या दिशेला तोंड करून उभी. भारतात अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते; सोबत वनरक्षक असेल तर त्याचं ऐका. तो ‘इथून पुढे नको’ म्हणाला की तो थांबा त्या रात्रीपुरता रद्द, आणि कारण वहीत.

लाल उजेड लिहिण्यासाठी. अंधाराला सरावलेले डोळे तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत ते क्षणात घालवतो. पण चालताना पायाखाली पांढराच प्रकाश हवा. लाल उजेडात पाल्यावरचं घोणस पाल्यासारखंच दिसतं. घुबडाच्या डोळ्यांवर आणि ढोलीत झोत टाकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आम्हाला शृंगी घुबडाची घरटी असलेली कपार सापडली. ठिकाण नकाशावर सगळ्यांसाठी टाकावं का?

टाकू नका. घुबडं अंधश्रद्धेपायी पकडली जातात, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, आणि कपार त्याच जोडीची वर्षानुवर्षं असू शकते. वनखात्याला आणि अभ्यास चालवणाऱ्यांना नेमकं ठिकाण द्या. बाकीच्यांसाठी तालुका किंवा दहा किलोमीटरची चौकट पुरे. फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएस माहिती काढून टाका, आणि मागचा ओळखू येणारा सुळका किंवा मंदिराचा कळस चौकटीतून कापा.